सह्याद्री वाऱ्याला किती अडवतो?

प्रश्न : डोंगर वाऱ्याचा वेग कमी करतो, म्हणजे नेमकं काय करतो? झाडं-खडकांचं घर्षण एवढंच ना? (वाचक, संगमेश्वर)

घर्षणाचा वाटा त्यात थोडाच. मुख्य काम दाबाचं असतं. वारा ज्या अंगाने येऊन थडकतो तिथे दाब किंचित वाढतो, पलीकडच्या आडोशाला किंचित उतरतो. हा फरक अवघा 1 हेक्टोपास्कल, म्हणजे 100 पास्कल धरा आणि डोंगर 1000 मीटर उंच. रांगेच्या दर मीटर लांबीवर 1 लाख न्यूटन रेटा आला. साधारण 10 टन वजनाएवढा. वारा डोंगराला जेवढा रेटतो तेवढाच डोंगर वाऱ्याला मागे लोटतो. हाच रेटा 100 किमी रुंदीच्या पट्ट्यावर वाटला, तर दर चौरस मीटरला 1 न्यूटन पडतो. उघड्या समुद्रावर सेकंदाला 10 मीटरने वाहणाऱ्या वाऱ्याला पाण्याचं घर्षण जेमतेम 0.15 न्यूटन असतं.

हवा घाट चढेल की अडून राहील, याचा एक सोपा हिशेब आहे : उंचीला हवेच्या स्थैर्याने (वर ढकललेली हवा परत खाली यायला किती ओढ घेते, त्या मापाने) गुणा आणि वाऱ्याच्या वेगाने भागा. कोरड्या हवेसाठी स्थैर्याचा आकडा दर सेकंदाला सुमारे 0.01 धरतात. कोकणातून 1000 मीटर चढायचं आहे आणि वारा 10 मीटरचा आहे, तर उत्तर येतं 1. हवा काठावर आहे. वारा 5 मीटरवर उतरला की उत्तर 2 होतं, आणि खालचा साधारण 500 मीटरचा थर चढायचं सोडून रांगेच्या कडेकडेने वळतो. भर पावसाळ्यात मात्र बाष्पाचे ढग होताना उष्णता सुटते, स्थैर्य घटतं आणि तेवढ्याच वेगाची हवा घाट चढून जाते. जुलैच्या हिशेबात कोरड्या हवेचा आकडा घालणं ही विद्यार्थ्यांची ठरलेली चूक.

प्रश्न : हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलची जाळी 12 किमीच्या चौकोनांची असेल, तर त्याला कडे दिसतात कसे? (वाचक, पुणे)

दिसत नाहीत. एका चौकोनाला एकच उंची मिळते. त्यात कोकणकड्याचा पायथा आणि हरिश्चंद्रगडाचा माथा दोन्ही आले, की सरासरीत कडा जातो आणि उतरण उरते. शिवाय कुठलाही आकार नीट हाताळायला मॉडेलला सहा-आठ चौकोन लागतात. म्हणजे 70 ते 100 किमीपेक्षा अरुंद डोंगर त्याच्या लेखी अर्धामुर्धाच.

1980 च्या दशकात यावर एक उपाय निघाला : मॉडेलमधले डोंगर सरासरीपेक्षा मुद्दाम उंच करायचे. वारा अडला खरा, पण दऱ्यांतली हवामान केंद्रं मॉडेलच्या जमिनीखाली गाडली गेली आणि त्यांच्या नोंदी वापरता येईनात. आता सरासरी उंची तशीच ठेवतात आणि पुसल्या गेलेल्या भागाचे आकडे वेगळे काढतात : उंचीचं प्रमाण विचलन, उतार, रांगेची दिशा, ती किती लांबट आहे. त्यांवरून तीन गोष्टी मोजतात. खालच्या अडलेल्या थराचा रोध, माथ्यावरून गेलेल्या हवेत उठणाऱ्या डोंगरलाटा, आणि साधारण 5 किमीपेक्षा लहान टेकड्यांमुळे होणारी खळबळ.

यातल्या लाटा फसव्या. त्या वाऱ्याला डोंगरापाशी अडवत नाहीत, जिथे फुटतात तिथे अडवतात. हिवाळ्यात हिमालयावर पश्चिमेचा वारा वरपर्यंत असतो, म्हणून लाटा थेट स्थितांबरात पोचू शकतात. सह्याद्रीवर पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा आणि वर पूर्वेचा, मधे साधारण 6 ते 8 किमीवर तो शून्यावर येतो. जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या लाटांना त्यापुढे वाट नाही. त्या तिथेच जिरतात. मॉडेलने हा थर चुकीच्या उंचीवर धरला, तर रोधही चुकीच्या जागी पडतो.

प्रश्न : डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल 9 आणि त्याच्या आत 3 किमीच्या जाळीवर चालवतो. डोंगरलाटांचा पर्याय चालू ठेवू का? घाटावर मॉडेल बंदही पडतं. (संशोधक विद्यार्थी, गोवा)

9 किमीच्या क्षेत्रात ‘जीडब्ल्यूडी-ऑप्ट’ (डोंगरलाटांच्या रोधाचा पर्याय) 1 म्हणजे चालू ठेवा, 3 किमीच्या क्षेत्रात 0 म्हणजे बंद. आतल्या जाळीला मोठ्या लाटा स्वतःच दिसू लागतात. पर्याय चालू राहिला तर तोच डोंगर दोनदा मोजला जातो. आधी जिओग्रिडच्या (मॉडेलसाठी जमिनीची माहिती तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत ‘व्हीएआर’, ‘कॉन’, ‘ओए’ आणि ‘ओएल’ हे पुसल्या गेलेल्या डोंगरांचे रकाने शून्याने भरलेले नाहीत ना, ते उघडून पाहा.

मॉडेल बंद का पडतं ते कळण्यासाठी आरएसएल फाइलींत (मॉडेल चालताना लिहितं त्या नोंदींत) ‘सीएफएल’ शोधा; एका कालपायरीच्या मानाने हवा फार वेगाने सरकली, असा तो इशारा. तिथे बिंदूचे क्रमांक मिळतील. ते नकाशावर टाका, बहुतेक कड्यावरच पडतील. मग याच क्रमाने करा : कालपायरी (मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो) 54 सेकंदांवरून 36 वर आणा, ‘ईपीएसएसएम’ (उभ्या ध्वनिलहरी शमवणारा आकडा) 0.1 वरून 0.3 ते 0.5 करा, आणि तरी भागलं नाही तरच उंची आणखी एकदा गुळगुळीत करा. गुळगुळीत करणं शेवटी, कारण त्यात सह्याद्रीच बुटका होतो. वरच्या 5 किमीत लाटा शोषून घेणारा पर्याय ‘डॅम्प-ऑप्ट’ 3 ठेवा, नाहीतर लाटा मॉडेलच्या छताला आपटून परततात आणि घाटावर खोटे पट्टे उमटतात.

निकाल मुंबई आणि गोव्याच्या बलूनच्या 850 हेक्टोपास्कलच्या (साधारण दीड किमी उंचीवरच्या) वाऱ्याशी ताडा. 10 मीटर उंचीच्या वाऱ्यावरून ठरवू नका. तो जमिनीच्या खडबडीतपणावर जास्त चालतो, आणि तो जुळवायला खडबडीतपणा वाढवला की वरचा वारा बिघडतो.