मानशीची फळी

प्रिय बाय,

माशेलच्या महिला मंडळासमोर मनाच्या आजारांवर जे बोलणार आहेस त्याचं टिपण वाचलं. पहिल्याच ओळीत मेंदूतल्या 86 अब्ज चेतापेशी. आकडा बरोबर आहे, पण काढून टाक. दुपारची भांडी आवरून सभामंडपात येऊन बसलेल्या बाईने त्याचं काय करायचं? तीन महिने तिला धड झोप नाही, किंवा मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, म्हणून ती आलेली असते.

दुसऱ्या पानावर लिहिलंस की मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जा 20 टक्के खातो. हेही खरं. पुढे मात्र 'म्हणून काळजी करून माणूस थकतो' असं जोडलंस, ते खोडून टाक. माणूस गणित सोडवो की आढ्याकडे बघत पडो, मेंदूच्या एकूण खर्चात फार थोडा फरक पडतो. त्या थकव्यामागे मोडलेली झोप असते, दिवसभर आवळून धरलेलं अंग असतं. खऱ्या आकड्यापुढे असा 'म्हणून' चिकटला की मी फार अस्वस्थ होते. त्याचं कारण सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत मी व्याख्यानात सांगायची की मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, ते स्कूटरच्या टाकीतल्या पेट्रोलसारखं संपत येतं आणि नैराश्यावरची गोळी ते भरते. लोकांना पटकन कळायचं. एकदा फोंड्याच्या बाजारात एक गृहस्थ भेटले. बरं वाटू लागल्यावर त्यांनी गोळ्या एकदम बंद केल्या होत्या आणि पुन्हा आजारी पडले होते. म्हणाले, "बाई, टाकी भरली असं वाटलं." त्यांचा हिशेब चोख होता. चुकीची टाकी मीच त्यांच्या हातात दिली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गोळी घेतल्यावर सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांतच सुरू होतो, पण मन हलकं व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. नुसती टाकी भरायची असती तर इतके दिवस का लागले असते? नैराश्य म्हणजे एका रसायनाची कमतरता, एवढंच गणित संशोधनात सिद्ध झालेलं नाही. तरीही या गोळ्यांचा पुष्कळांना उपयोग होतो. बरं वाटल्यावरही त्या सहसा सहा महिने तरी चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. या गोष्टी एका दमात सांग. अर्धीच ऐकली तर कोणीतरी घरी जाऊन पाकीट फेकून देईल.

टाकीनंतर मी मानशीकडे वळले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाजन शेतीतल्या पाण्याच्या दाराकडे. तुझ्या श्रोत्यांपैकी अनेकींची माहेरं खाजनाकाठची असतील, त्यांना मानस समजावून सांगावी लागणार नाही. भरतीच्या दाबाने फळी मिटते, ओहोटीला उघडते, खारं पाणी शेताबाहेर राहतं. शरीरातही असा बंदोबस्त आहे. संकट आलं की मेंदूच्या सांगण्यावरून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं रसायन सोडतात. ते पुरेसं झालं की तेच कॉर्टिसोल मेंदूला 'आता पुरे' असं कळवतं. ताण महिनोन्‌महिने राहिला तर काहींच्या बाबतीत ही फळी नीट मिटेनाशी होते. मग दुरुस्त केली तरी जमिनीत मुरलेलं मीठ एका पावसात धुऊन जात नाही. इथे म्हाताऱ्या बायका मान हलवतात. बांध फुटलेलं शेत त्यांनी पाहिलेलं असतं.

मात्र उपमा कुठे तुटते तेही त्याच बैठकीत सांग. फळी लाकडाची, मेंदू अनुभवाने बदलत जाणारा. आणि प्रत्येकाचं नैराश्य ताणातूनच येतं असं नाही. वर डोंगराकडे सत्तरी तालुक्यात गेलीस तर मानस कोणी पाहिलेली नसेल, तिथलं काहीतरी तुलाच शोधावं लागेल.

'नैराश्य' या शब्दानेही सुरुवात करू नकोस. आपल्याच गोव्यातल्या 'मानस' संशोधनाचं (मनशांती सुधार शोध, 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं) तू वाचलं आहेसच. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या इथल्याच माणसांनी रुग्णांशी बोलायचं, धीर द्यायचा, पाठपुरावा करायचा, गरजेप्रमाणे डॉक्टरांनी औषध द्यायचं. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याने जास्त लोक बरे झाले. आपल्याकडे मन दुखतं म्हणून कोणी येत नाही. कंबर दुखते, अंगात त्राण नाही, डोक्यात विचार फिरतात, असं सांगत येतात. तू झोपेचं विचार, भुकेचं विचार. कोणी देवाला कौल लावून आली असेल तर हसू नकोस, देवाने काय सांगितलं ते ऐकून घे. ती तुझ्याशी बोलते आहे हेच खूप आहे.

आत्महत्येचा विषय टाळू नकोस. पोलीस येतील या भीतीने घरं गप्प बसतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 115 वं कलम सांग: असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो, त्याला शिक्षा करत नाही, त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

व्याख्यान संपलं की लगेच गाडीत बसू नकोस. चटया गुंडाळायला थांब. एखादी मदतीच्या निमित्ताने जवळ येईल आणि 'माझ्या शेजारणीचं' म्हणून काही विचारेल. उत्तर शेजारणीसाठीच दे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक लहान चिठ्ठ्यांवर लिहून ने. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. चिठ्ठीवर नुसता आकडा लिही, दुसरा एकही शब्द नको. घरी कोणी पाकीट उघडलं तर तिला सांगता आलं पाहिजे की गॅसवाल्याचा नंबर आहे.

तुझी,
बाई