नाकाचा हप्ता आणि कार्डाची ‘थोडी’ बाकी

पुण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र. वय 31, हातात पगार 62,000. नाकाच्या शस्त्रक्रियेचे क्लिनिकने 2.20 लाख सांगितलेत. ‘चार वर्षं भरलेली पॉलिसी मोडू की नो कॉस्ट ईएमआय घेऊ? बघायला आलेल्यांपैकी एक बाई नाकाबद्दल बोलून गेल्या. नाक नीट झालं की लग्न जमेल, प्रमोशनही मिळेल.’ आणि जाता जाता: ‘कार्डावर आधीच्या लेझर आणि ग्लो पॅकेजचे 90 हजार आहेत, पण मिनिमम नियमित भरते.’

नाक राहू द्या, आधी कार्ड. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 3,150, त्यावर जीएसटी, म्हणजे 3,700. तुम्ही भरता 4,500. मुद्दल फिटतं आठशेच. ‘नियमित’ कसलं?

पॉलिसी आज मोडू नका, तिच्यावर 90 हजार कर्ज काढा. दहा टक्के धरले तर व्याज महिना साडेसातशे. त्यातून कार्ड पूर्ण भरा आणि महिना 12 हजारांनी आठ महिन्यांत हे कर्ज फेडा. मग पॉलिसीचा निकाल लावू. महिना 5,000 भरून जेमतेम 12 लाखांचा विमा आणि पाच-साडेपाच टक्के परतावा, याला गुंतवणूक म्हणून गळ्यात मारणाऱ्या काकांना कमिशन मात्र चोख मिळालंय.

आता नाक. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर 18 टक्के जीएसटी असतो, म्हणजे 2.20 चे 2.60 लाख. आरोग्य विमा यातलं काही देत नाही. सूज पूर्ण उतरून आकार स्थिरावायला वर्ष जातं. प्रमोशनची मुलाखत त्याआधीच होऊन जाईल.

मला पैशांपेक्षा क्रम खटकतो. आधी डाग, मग लव, आता नाक. प्रत्येक वेळी दोन महिने बरं वाटलं, असं तुम्हीच लिहिलंय. एकच गोष्ट वर्षानुवर्षं खुपते आणि फक्त तीच बदलायची आहे, अशा बाईला शस्त्रक्रियेने समाधान मिळू शकतं. नाकाकडून नवरा आणि बढती मागणारीला सहसा नाही. इतरांना जेमतेम दिसणारी उणीव दिवसभर डोक्यात घोळत असेल, तर त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असं नाव आहे आणि त्यावर सुरी चालत नाही. तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवणं माझं काम नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाच्या दोन भेटींचे दोन-तीन हजार आधी खर्च करा. चांगला सर्जनही हेच विचारेल. क्लिनिकची काउन्सेलर विचारणार नाही, तिला टार्गेट असतं.

आणि सेल्फीवरून नाक जोखू नका. फूटभर अंतरावरून ते पाच फुटांच्या तुलनेत सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, हे 2018 मध्ये गणिती मॉडेलने काढून झालंय. मैत्रिणीला पाच फुटांवरून मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा.

टोकन भरू नका. लेझरची न वापरलेली सेशन्स मोजा, परतावा ईमेलवर मागा. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा.