९८ दिसायलाच हवं का?

प्रश्न : बाबांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट दम लागणारा आजार) आहे, घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय. डॉक्टर म्हणाले, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के दिसला तरी पुरे, पण ९० दिसलं की आई घाबरून मशीनचा फ्लो मिनिटाला २ लिटरचा ४ करते. चालेल का?

उत्तर : अजिबात नको हो. सीओपीडीच्या काही पेशंटना ऑक्सिजन जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मग ऑक्सिमीटरवर ९८ झकास दिसतं आणि माणूस मात्र गुंगीत, डोकं जड, बोलणं बरळल्यासारखं, असं झालं तर थेट हॉस्पिटल गाठा. बोट गार असेल तर रीडिंगही चुकतं, आधी चोळून गरम करा. दम लागला की पुढे झुकून बसवा, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, गरम चहावर फुंकर मारतो तसा. आणि नळी लावून समईजवळ बसू देऊ नका!