गाभोळीत ओळ कुठली?

नाशिकच्याच एक बाई नॉर्वेच्या कॉड माशावरच्या लेखाचा अनुवाद करताहेत. त्यांनी वाक्य केलंय, ‘हिवाळा सरताना कॉडची मादी गाभोळी घालते.’ चालेल का, असं विचारतात.

नाही चालणार. गाभोळी म्हणजे मासळीच्या पोटातली अंडी. बाहेर पडली की ती नुसती अंडी. आणि कोंबडी अंडी घालते, मासळी सोडते. ‘सोडते’ लिहा आणि पुढच्या वाक्याला लागा.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्याकडे मासळीच्या हॉटेलांत हल्ली ‘गाभुळी फ्राय’ लिहितात. अहो, गाभुळते ती चिंच! धड कच्ची नाही, धड पिकलेली नाही, टरफल गरापासून सुटायला लागलंय, अशी. उलट बाजूने, शाळेबाहेरच्या गाडीवर पोरं ‘गाभोळी चिंच’ मागतात. दोन्ही शब्द गर्भाच्याच घरातले, पण म्हणून एकाचं ताट दुसऱ्यापुढे का सरकवायचं? गाभण, गाभा, काळारामाचा गाभारा, सगळे त्याच घरातले. तिथवर कोणाचं भांडण नाही.

भांडण आहे ते ‘ओळी’वरून. माझे एक स्नेही संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. ते ठणकावून सांगतात, गर्भ अधिक आवली, गर्भांची रांग, म्हणून गाभोळी. मी त्यांना म्हटलं, सर, गाभोळी कधी हातात घेतलीत का? घेतली नसणार, ते शाकाहारी आहेत. पातळ पडद्याच्या दोन लांबट पिशव्या, एका टोकाला जुळलेल्या. नखाने पडदा फाडला की आत रव्यासारखा कण, कणाला कण चिकटलेला. रांग म्हणून कुठे दिसत नाही. तशीच कढईत टाकली तर फुटून तेल अंगावर उडतं, म्हणून आधी हळद-मिठाच्या पाण्यात उकडून घेतात, मग काप करतात. सुरी फिरवली तरी आत दाणेच दाणे.

आता हे शब्द ओळीने म्हणून बघा: निंबोळी, चारोळी, आठोळी, गाभोळी. कडुनिंबाचं फळ, चाराच्या झाडाची बी, फणसाच्या गऱ्यातली बी. सगळ्या लहान, गोलसर, आत जीव धरून बसलेल्या वस्तू. यात आवली कुठून आली? माझ्या मते इथे आहे ती गुलिका, म्हणजे आपली गोळी. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ बहुधा गळतो. प्राकृतचा जुना व्याकरणकार वररुची याने क, ग, च, ज, त, द, प, य, व अशी यादीच दिली आहे. गर्भगुलिकेचं प्राकृत रूप गब्भगुलिआ, त्यातला दुसरा ‘ग’ गेला की उरतं गब्भउलिआ, अ आणि उ मिळून ओ, झाली गाभोळी. निंबोळीही याच वाटेने आली. सर म्हणाले, मग चार ओळींची चारोळी? ती कवितेतली, सर. बासुंदीतली वेगळी.

बाईंचा कॉडही माझ्याच बाजूने साक्ष देतो. पाच किलोच्या मादीच्या पोटात साधारण 25 लाख अंडी असतात. ती एका दमात बाहेर पडत नाहीत, काही आठवडे हप्त्याहप्त्याने सुटतात. सुटण्याआधी प्रत्येक हप्त्यातली अंडी पाणी पिऊन फुगतात आणि काचेसारखी पारदर्शक होतात. आपल्या ताटातली गाभोळी अपारदर्शक दिसते, कारण तिच्यातल्या बहुतेक अंड्यांनी अजून ते पाणी प्यायलेलं नसतं. बाहेर आल्यावर दीड मिलिमीटरच्या आतबाहेरचा एकेक मणी सुटा, वर तरंगणारा. माशांची अंडी तळाशी बसतात असाच पूर्वी समज होता. 1860 च्या दशकात नॉर्वेचे सागरी जीवशास्त्रज्ञ गिऑर्ग ओसियान सार्स यांनी तिथल्याच लोफोटेन बेटांपाशी कॉडची अंडी पाण्यावर तरंगताना पाहिली. आणि खायला कमी मिळालं तर मादी काही अंडी न सोडता अंगातच जिरवते. (इथे ‘गाभडली’ लिहू नका. गाभडते ती गाय-म्हैस.)

जाता जाता, उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातून लोफोटेनकडे अंडी सोडायला येणाऱ्या या कॉडला नॉर्वेत ‘स्क्राय’ म्हणतात. जुन्या नॉर्स भाषेतल्या सरकणे, पुढे जाणे अशा अर्थाच्या धातूवरून आलेला शब्द. दरवर्षी ठरल्या दिवसांत निघायचं, ठरल्या ठिकाणी पोचायचं. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते त्या गावच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागू नये.

सरांना हे सगळं परवा फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, वररुची ‘प्रायः’ म्हणतो, नेहमी नाही. बरं, नाही तर नाही. पण मग आठोळीत कसली रांग आहे, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.