‘सरोगेट की’ला ‘पर्यायी’ म्हणावे का?

रिलेशनल डेटाबेस (एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत माहिती ठेवण्याची पद्धत) शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने ‘सरोगेट प्रायमरी की’साठी ‘पर्यायी प्राथमिक कळ’ हा शब्दप्रयोग योग्य ठरेल का, असे विचारले आहे. तक्त्यातील प्रत्येक नोंद वेगळी ओळखता यावी म्हणून नेमलेली मुख्य खूण म्हणजे ‘प्रायमरी की’; तिच्यासाठी माहितीतलेच नाव वगैरे न घेता डेटाबेसने स्वतः दिलेला क्रमांक वापरला, की ती ‘सरोगेट’ ठरते.

‘पर्यायी’ हे विशेषण येथे घोटाळा करील. नोंद निःसंदिग्धपणे ओळखू शकणाऱ्या अनेक ‘कीं’पैकी एक मुख्य म्हणून निवडली की उरलेल्यांना ‘ऑल्टरनेट की’ म्हणतात, आणि ‘पर्यायी’ हा शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवायला हवा. ‘कळ’ही मला पटत नाही; ती दाबायची असते, तर येथे अभिप्रेत आहे ती एकाच कुलपाला लागणारी किल्ली.

‘सरोगेट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘एकाच्या जागी दुसऱ्याला निवडून आणणे’ असा आहे. त्यावरून ‘बदली’ हा शब्द सुचतो, पण बदली माणूस येतो तो मूळ माणूस जागेवर नसतो म्हणून. रिलेशनल डेटाबेसची संकल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७९च्या शोधनिबंधात ही संज्ञा ज्या अर्थाने वापरली, त्यात सरोगेट हे दुसऱ्या किल्लीच्या जागी नव्हे, तर जिची नोंद करायची त्या वस्तूच्याच वतीने उभे असते. पूजेत आपण विड्याच्या पानावर सुपारी मांडून तिला गणपती मानतो. तिचे रूप गणपतीसारखे असावे लागत नाही, तिने फक्त त्याच्या वतीने तेथे असावे लागते. म्हणून मी ‘प्रतिनिधी-किल्ली’ हा शब्द सुचवतो.

जिल्ह्यांच्या तक्त्यात जिल्ह्याचे नावच मुख्य किल्ली केले असते, तर २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाल्यावर तालुक्यांच्या तक्त्यातील प्रत्येक संदर्भही बदलावा लागला असता. त्याऐवजी डेटाबेसने स्वतः दिलेला, ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही असा क्रमांक किल्ली असेल, तर नाव एकाच ठिकाणी बदलते आणि संदर्भ जसेच्या तसे राहतात. (संभाजीनगरच्या वाहनांवरचा ‘एमएच २०’ नामांतरानंतरही तसाच राहिला, कारण त्यातील २० या आकड्यात शहराचे नाव नाही.)

‘कृत्रिम किल्ली’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो किल्ली कशी आली एवढेच सांगतो, ती कोणासाठी आहे हे सांगत नाही. आणि शिकणाऱ्याची चूक नेमकी तेथेच होते: आपोआप वाढणारा क्रमांक दिला की काम संपले असे वाटते, नावाच्या स्तंभावर अनन्यतेचे (तेच नाव दोनदा येऊ न देण्याचे) बंधन घालायचे राहून जाते, आणि धाराशिव १७ व ४२ अशा दोन क्रमांकांनी दोनदा नोंदला जातो. एका जिल्ह्याचे असे दोन प्रतिनिधी झाले, तर निम्मे तालुके एकाशी आणि निम्मे दुसऱ्याशी जोडले जाण्याची भीती असते.

बोलताना ‘सरोगेट की’ खुशाल म्हणावे. लिहिताना पहिल्या उल्लेखात ‘प्रतिनिधी-किल्ली, म्हणजे सरोगेट की’ असे लिहून पुढे केवळ मराठी शब्द वापरावा.