ऑफिसवरून आल्यावर तबल्याला हात लावावासाच वाटत नाही

मी समुपदेशनाचं काम करते, आणि दरवर्षी दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्याकडे एका ठराविक प्रकारचे मेसेज यायला लागतात, आणि बहुतेक सगळे बाहेरून, म्हणजे स्वीडन, फिनलंड, स्कॉटलंड, कॅनडा अशा ठिकाणी नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींचे. शब्द वेगळे पण तक्रार एकच, की ऑफिस सुटलं की काहीच करावंसं वाटत नाही, गिटार कोपऱ्यात पडून आहे, रंगांच्या ट्यूब वाळल्यात, वर्षभर हौसेने केलेलं विणकाम अर्धवट आहे. आणि मग दोन-तीन मेसेज झाल्यावर हळूच खरी भीती बाहेर येते, मॅडम मी आळशी झालोय का, की मला ते कधी मनापासून आवडतच नव्हतं?

आज याच प्रश्नावर लिहितेय, एका मुलाच्या निमित्ताने. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि लिहायला त्याने स्वतः हो म्हटलंय.

वय 36, मूळचा आपल्या पुण्याकडचाच, बायको आणि 5 वर्षांची मुलगी, स्टॉकहोमच्या उत्तरेला किस्टा भागात आयटीमध्ये नोकरी. लहानपणापासून तबला शिकलेला, परीक्षा दिलेल्या, इथे असताना रोज संध्याकाळी ऑफिसवरून येऊन चहा प्यायचा आणि तासभर रियाज, त्यात खाडा नाही. तिकडे गेल्यावर पहिला उन्हाळा मस्त गेला, तिथे जूनमध्ये 18 तासांच्या वर उजेड असतो, रात्री दहाला पण खिडकीत बसून वाजवायचा. नोव्हेंबर आला आणि सगळं बंद. पहिल्या वर्षी वाटलं नवीन देश आहे, दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षी मला मेसेज केला.

पहिलं सेशन त्यांच्या संध्याकाळी 5 ला ठेवलं होतं, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. स्क्रीनवर नुसता चेहरा दिसत होता, तोही लॅपटॉपच्या उजेडात, मागे मिट्ट काळोख. मी म्हटलं अरे दिवा तरी लाव, तर म्हणाला लक्षातच नाही आलं. मग मी म्हटलं तबला कुठंय, दाखव बघू. त्याने लॅपटॉप फिरवला, कोपऱ्यात एक ढीग, वर इस्त्रीचे कपडे, त्याच्यावर मुलीचा बर्फात घालायचा जाडा सूट, आणि सगळ्याच्या खाली आईने जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर, त्याचा फक्त काठ दिसत होता. तो बघून त्याचाच आवाज बसला. म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, मी तिकडे बघायचंच टाळतो."

मी सगळी विचारपूस केली, झोप, भूक, कामात लक्ष लागतं का, जगणं नकोसं वाटतं का, आणि हे शेवटचं मी नेहमी स्पष्ट शब्दांत विचारते, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही घुसत नाही उलट बोलायला वाट मिळते. तसं काही नव्हतं. पण झोप वाढलेली, सकाळी उठवत नाही, गोड आणि ब्रेड-पास्ता जास्त खाल्ला जातोय, वजन 4 किलो वाढलेलं, आणि एप्रिल आला की आपोआप बरं वाटतं. हा नमुना आमच्या ओळखीचा आहे. 1984 मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं पहिलं नीट वर्णन केलं, आणि त्यात हेच होतं, साध्या नैराश्यात बऱ्याचदा झोप आणि भूक उडते, इथे दोन्ही वाढतात. या मुलाचं प्रकरण पूर्ण आजारापर्यंत गेलेलं दिसत नव्हतं, तरी मी त्याला तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगितलं, थायरॉइड, रक्त, व्हिटॅमिन डी सगळं बघून घे म्हटलं. थकव्याची शारीरिक कारणं राहून जाऊ नयेत, मी यात कधीच घाई करत नाही.

आता खरा मुद्दा. बोलता बोलता तो म्हणाला की रविवारी व्हिडिओ कॉलवर आई ओरडते, तिन्हीसांजेचा झोपतोस काय रे, लक्ष्मी यायची वेळ. कारण तो सुट्टीच्या दिवशी तीनला आडवा व्हायचा आणि आई मागच्या खिडकीत अंधार बघायची. मी तिथेच त्याला थांबवलं. म्हटलं, तुमच्याकडे आत्ता दिवेलागण किती वाजता होते? त्याने फोनवर बघितलं. दोन वाजून पन्नास मिनिटं.

डिसेंबरच्या मध्याला स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो, जेमतेम 6 तासांचा दिवस. पुण्यात सगळ्यात लहान दिवस सुद्धा जवळपास 11 तासांचा. म्हणजे हा मुलगा पावणेआठला अंधारात घर सोडतो, दिवसभर ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली, आणि साडेपाचला अंधारात परत. घरी पोचून तबल्याकडे बघतो तेव्हा दिवेलागण होऊन तीन तास झालेले असतात. मी त्याला म्हटलं, हाच हिशोब पुण्यात लाव, डिसेंबरमध्ये आपल्याकडे सहाला सूर्य मावळतो, त्यात तीन तास घाल, नऊ वाजले. दिवसभर ऊन न बघता, जेवायच्या वेळेला, रात्री नऊला तू कधी रियाजाला बसला होतास का? तो गप्प झाला, मग म्हणाला, "नाही, मी उजेड जाता जाता बसायचो. दिवे लागायचे तेव्हा कायदा (तबल्यावरची एक रचना) रंगात आलेला असायचा."

घड्याळात सहाच वाजलेत आणि मी लोळतोय, म्हणून हा तीन वर्षं स्वतःला शिव्या घालत होता. शरीराला तुमच्या घड्याळाचे आकडे कळत नाहीत, त्याचं आतलं घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं, त्यातही सकाळच्या. तो मिळाला नाही की ते मागे रेंगाळतं, सकाळी झोप उतरत नाही, दिवसभर जडपणा राहतो. त्यात आळशीपणा शोधत बसणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तबल्यावरच्या प्रेमाबद्दल शंका घेणं तर त्याहून जास्त.

पण कारण कळलं म्हणून हात चालत नाही, पुढचं काम तिथूनच सुरू झालं आणि तिथे माझी एक चूक झाली. मी म्हटलं मग पहाटे सहाला रियाज कर, आपल्याकडची रीत आहेच. त्याने चार दिवस प्रयत्न केला. सहाला तिथे काळोखच, खाली म्हातारं जोडपं राहतं त्यांना त्रास, आणि मुलगी उठते. सल्ला पुण्याच्या सकाळीला धरून दिला होता मी. तो मागे घेतला.

मग दुसरं सेशन मी मुद्दाम त्यांच्या दुपारी सव्वाबाराला ठेवलं, आणि अट घातली की फोन कानाला लावून चालत चालत बोलायचं. इथे माझ्या कानात त्याच्या बुटांचा कर्र कर्र आवाज येत होता, रस्ते निसरडे होऊ नयेत म्हणून तिकडे खडी टाकतात ना, तिच्यावरून चालण्याचा. तो म्हणाला आभाळ भरलंय, ऊन नाहीये, काय उपयोग. उपयोग असतो. उजेड लक्समध्ये मोजतात, घरातल्या संध्याकाळच्या दिव्यांचा उजेड शे-दोनशे लक्स असतो, आणि ढगाळ दुपारी बाहेर साधारण हजाराच्या पुढेच, आपले डोळे इतके जुळवून घेतात की हा फरक जाणवत नाही. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीतली 25 मिनिटं बाहेर, हे पक्कं झालं. आमची नंतरची सगळी सेशन्स अशीच चालत झाली.

सोबत सकाळचा लाइट बॉक्स, म्हणजे या उपचारासाठीचा प्रखर दिवा, 10,000 लक्सचा, उठल्यावर नाश्ता करताना 20 ते 30 मिनिटं, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, समोर थोडा बाजूला ठेवायचा. हे लिहिताना मला एक काळजी वाटते म्हणून सांगते, डोळ्यांचा आजार असेल किंवा स्वतःला वा घरात कुणाला बायपोलरचा (मन कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा) त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नका, मूड भलत्या दिशेला उसळू शकतो. आणि या दिव्याने व्हिटॅमिन डी मिळत नाही, त्यातले अतिनील किरण गाळलेले असतात, ती गोळी वेगळी आणि डॉक्टर म्हणतील तेवढीच.

तबल्यासाठी मी त्याला पहिल्या आठवड्यात वाजवायला सांगितलंच नाही. फक्त शनिवारी सकाळी 11 ला, उजेड असताना, कव्हर काढायचं आणि तबला सुरात लावायचा, बस. त्याने काढला तर सूर चांगलाच चढलेला. तिकडे हिवाळ्यात घरात हीटिंग असतं, हवा कोरडी ठक्क, चामडं ताणलं जातं आणि तबला वर चढतो, आपल्याकडे पावसाळ्यात उतरतो त्याच्या बरोब्बर उलट. तो हातोडी घेऊन बसला, गजरा (तबल्याच्या कडेची चामड्याची वेणी) खालून वर हळूहळू ठोकत एकेक घर उतरवत गेला, चाटीवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, बोट मारून कान लावायचा, परत ठोकायचा. पाऊण तास गेला. मुलगी शेजारी येऊन बसली आणि चुंबळ डोक्यावर ठेवून फिरायला लागली. सूर लागल्यावर, हे त्याचेच शब्द, "हात आपोआप धाधा तिट धाधा तिंना वर गेला हो, मी ठरवलं नव्हतं." बायकोने नंतर मला सांगितलं की त्या दिवशी दुपारी तो तीनला झोपला नाही. तीच आधी म्हणाली होती की हा घरात असतो पण नसतो.

हे जे आम्ही केलं त्याला आमच्यात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, नाव मोठं आहे, गोष्ट साधी. आपण समजतो आधी इच्छा होईल मग करू. मन खाली असताना हा क्रम उलटा चालतो, आधी थोडंसं करावं लागतं, इच्छा मागून येते, आणि कधी कधी चार-पाच वेळा करून झाल्यावर येते. मी त्याला एका वहीत प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे लिहायला लावले, करायच्या आधी किती करावंसं वाटत होतं आणि केल्यावर किती बरं वाटलं, दहापैकी. दोन आठवड्यांची वही बघितली. सोफ्यावर पडून रील्स बघणे, आधी 8, नंतर 2. तबला दहा मिनिटं, आधी 1, नंतर 6. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, मला काही पटवून द्यावं लागलं नाही.

मग आठवडा असा बसला की मंगळवार आणि गुरुवार घरून काम, त्या दिवशी जेवणाआधी खिडकीत बसून वीस मिनिटं, शनिवारी सकाळी तासभर, आणि ऑफिसच्या तीन दिवशी संध्याकाळी काहीच अपेक्षा नाही. हे शेवटचं त्याला फार जड गेलं, रोजचा रियाज म्हणजे रोजचाच असं मनात बसलेलं. मी म्हटलं हिवाळ्याचं वेळापत्रक वेगळं असू दे, शेतकरी बारा महिने एकच पीक घेतो का. त्या तीन दिवशी वाटलं तर नुसतं कपडे बदलायच्या आधी, सोफ्यावर टेकायच्या आधी, पाच मिनिटं हाताने तीनताल धरायचा, मुलीबरोबर. एकदा सोफ्यावर बसलं की उठणं होत नाही हे आपल्याला सगळ्यांनाच माहितीय.

जानेवारीत ऑफिसात रिलीज आला, मुलगी आजारी, अकरा दिवस तबला बंद, चालणं बंद. त्याने मला मेसेज केला की सगळं परत पहिल्यासारखं झालं, माझ्याने होणार नाही. मी एवढंच विचारलं की तबल्यावर कपडे ठेवलेत का परत? नाही म्हणाला. मग परवा शनिवार आहे, सुराला लाव. लावला.

लाइट बॉक्सपेक्षा मला स्वतःला हे सवयींचं आणि विचारांचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत वर्माँट विद्यापीठात केली रोहन यांनी दोन्ही उपचारांची तुलना केली, त्यात त्या हिवाळ्यात दोन्हीचा फायदा सारखाच झाला, पण दोन हिवाळ्यांनंतर बघितलं तेव्हा विचार-वर्तनाची थेरपी घेतलेल्यांमध्ये त्रास परत येण्याचं प्रमाण कमी होतं. दिवा दरवर्षी लावावा लागतो, शिकलेलं सोबत राहतं, मला वाटतं त्याचं कारण हेच असावं.

आणि हे फक्त बाहेरच्यांचं आहे असं नाही, हिंजवडीत नाइट शिफ्ट करून पडदे लावून दिवसभर झोपणारी मुलं येतात माझ्याकडे, त्यांचं गाऱ्हाणं शब्दशः हेच असतं, आणि त्यांनाही मी आधी उजेडाचाच हिशोब विचारते.

मात्र दोन आठवड्यांच्या वर कशातच आनंद वाटत नसेल, आवडीची गोष्ट करून बघितल्यावरसुद्धा मन हलत नसेल, कामावर जाणं जमत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील तर वही-बिही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बोला कुणाशी तरी. स्वीडनमध्ये आरोग्य सल्ल्यासाठी 1177 आहे, जिवाला धोका असेल तर 112, भारतात टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याने मला चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं, मागे मुलीचा एक-दोन-तीन-चार मोजण्याचा आवाज, तीनतालाच्या सोळा मात्रांत ती बाराला जाऊन अडखळते आणि तो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, तिची वाट बघतो. त्यानंतर उन्हाळाभर त्याचा काही निरोप नव्हता, असायचं कारणही नव्हतं. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तिकडे घड्याळं तासभर मागे करतात त्या दिवशी, सकाळी मेसेज आला, "मॅडम, लाइट बॉक्स माळ्यावरून काढला. तबला खिडकीजवळ हलवलाय. इस्त्रीच्या कपड्यांना बायकोने वेगळी टोपली आणलीय."