वाचकांचे प्रश्न : लेक्चर घ्यायचं की प्रॉब्लेम द्यायचा?

प्रश्न : सर, मी चोपड्याला बीएस्सीला बॉटनी शिकवते, वर्गात ८० मुलं. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून वरून सांगतात प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग (पीबीएल) करा, म्हणजे मुलांना आधी एक प्रॉब्लेम द्या आणि ग्रुपमधे तो सोडवता सोडवता शिकू द्या, आणि स्टाफरूममधे सिनियर सर म्हणतात की हे सगळं फॅड आहे, खडू-फळ्याशिवाय पोर्शन होत नाही, आणि आपल्याकडची मुलं ग्रुपमधे बोलतच नाहीत. कोणाचं ऐकू?

उत्तर : मॅडम, तुमच्या सिनियर सरांना लगेच जुनाट म्हणू नका, त्यांची अडचण खरी आहे. ही पद्धत सुरू झाली कॅनडात, मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या मेडिकल कॉलेजात १९६९ ला, आणि तिथे छोट्या छोट्या ग्रुपला एकेक ट्यूटर असायचा. आपल्याकडे ८० मुलांमागे तुम्ही एकट्या. शिवाय किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ मधे लिहिलंच आहे की ज्याला विषयाचा पाया नाही त्याला नुसतं "शोधा" म्हणून सोडलं तर तो भरकटतो. मलाही ते पटतं, एफवायच्या मुलाला व्हायरस म्हणजे काय हेच माहीत नसेल तर तो ग्रुपमधे बसून काय बोलणार?

पण म्हणून नुसतं लेक्चरच बरं, हे मला अजिबात मान्य नाही. २०१४ मधे फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी सायन्स, इंजिनिअरिंग, मॅथ्सचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, तर नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. त्यात फक्त पीबीएल नव्हतं, मुलांना वर्गात काहीतरी करायला लावणाऱ्या सगळ्याच पद्धती होत्या, पण आपल्याला तेवढं पुरे.

माझं म्हणणं, आधी प्रॉब्लेम द्या आणि लेक्चर त्याच्या मागून घ्या. तुमच्याकडे तर प्रॉब्लेम बांधावर उभा आहे. रावेर-यावलकडे केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) येतो, शेतकरी त्याला हरण्या म्हणतात, पानांवर पिवळे पट्टे पडतात आणि झाडं उपटून फेकावी लागतात. मुलांना एवढंच विचारा, रोपं टिश्यू कल्चरची, लॅबमधून आलेली, मग शेतात व्हायरस आला कुठून? पंधरा मिनिटं त्यांना भांडू द्या. कोणी म्हणेल रोपातूनच आला, कोणी म्हणेल पाण्यातून, आणि एखादी शेतकऱ्याची पोरगी सांगेल की शेजारी काकडी होती. तिथून मावा, म्हणजे काकडीवरचा व्हायरस केळीवर आणणारी कीड, मग या किडीने रोग झाडाझाडावर कसा नेला, मग तुमचं व्हायरसचं लेक्चर, आणि आता ते ऐकायला मुलांकडे कारण असतं. पोर्शन वेगळा राहत नाही, त्यातच जातो. पण प्रॉब्लेम असा निवडा की सिलॅबस उघडल्याशिवाय तो सुटणारच नाही, नाहीतर नुसत्या गप्पा होतात.

मुलं बोलत नाहीत त्याला एक कारण भाषा आहे. ग्रुपमधे अहिराणीत बोलू द्या, लेवा गणबोलीत बोलू द्या, पेपर मात्र इंग्रजीत लिहायचाय हेही सांगा आणि टर्म्स फळ्यावर लिहून द्या. पाच-सहा जणांचा ग्रुप बाकावर मागे-पुढे वळूनच करा, बोलणारा दर वेळी बदला, नाहीतर दोन हुशार मुलंच सगळं उरकतात.

आणखी एक, मुलं सुरवातीला तक्रार करतील की सर-मॅडम शिकवतच नाहीत. हार्वर्डला फिजिक्सच्या वर्गात २०१९ च्या अभ्यासात हेच दिसलं, स्वतः करून शिकलेल्या मुलांना जास्त आलं होतं पण आपल्याला कमी समजलं असं त्यांना वाटत होतं. तेव्हा फीडबॅक फॉर्म बघून घाबरू नका. सगळ्या युनिटला लगेच हे करू नका, सेमिस्टरला दोन घ्या, आणि इंटर्नलच्या प्रश्नात "व्याख्या लिहा" सोबत एखादा असा शेतातला प्रश्न टाकाच, कारण मार्क नसतील तर मुलं मनावर घेत नाहीत.